विस्तवाजवळची जागा: इंग्रजी साहित्यातील हिवाळ्याचा इतिहास

इंग्रजी साहित्यात हिवाळ्याचे वर्णन सुमारे तेराशे वर्षे चालत आलेले आहे, आणि एवढ्या प्रदीर्घ काळात गारा, बर्फ, उत्तरेचा वारा आणि निष्पर्ण झाडे ही त्या वर्णनाची सामग्री फारशी बदललेली नाही. बदलत गेली ती वर्णन करणाऱ्याची जागा. तो विस्तवाजवळ बसला आहे की विस्तवापासून दूर आहे, तो विस्तव कशावर पेटतो आणि ते जळण कोणाच्या मालकीचे आहे, या प्रश्नांची उत्तरे काळागणिक निराळी मिळाली आणि त्यांच्याबरोबर साहित्यातला हिवाळाही निराळा झाला. त्यामुळे या ऋतूचा वाङ्मयीन इतिहास समजून घेताना थंडीच्या नोंदींइतकेच महत्त्व सरपण, कोळसा आणि धुराडे यांच्या इतिहासाला द्यावे लागते, आणि समीक्षकांनी या दुसऱ्या बाजूकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ईशान्य इंग्लंडमधील जॅरोच्या मठात राहणाऱ्या बीड या विद्वान भिक्षूने इ. स. ७२५ मध्ये कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला आणि त्यात, ख्रिस्ती होण्यापूर्वी अँग्लो-सॅक्सन लोक वर्ष कसे मोजत, हे नोंदवून ठेवले. त्यांच्या वर्षात ऋतू दोनच होते: दिवस मोठा असेल तो उन्हाळा आणि रात्र मोठी असेल तो हिवाळा, सामान्यतः ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या त्यांच्या महिन्यातील पौर्णिमेला हिवाळा सुरू होई. जुन्या इंग्रजीत माणसाचे वय आणि राजाची कारकीर्दही हिवाळ्यांनी मोजली जाई. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात ग्रेंडेल नावाचा राक्षस राजाचे दालन बारा हिवाळे उजाड करतो आणि पुढे बेओवुल्फ स्वतः पन्नास हिवाळे राज्य करतो. ज्या समाजात एक हिवाळा पार पडणे म्हणजेच एक वर्ष जगणे होते, त्या समाजाची ही मोजणी आहे, आणि तिच्यात अलंकाराचा भाग अगदी थोडा आहे.

बीडनेच ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लिश लोकांच्या धर्मेतिहासात या काळातील सर्वांत प्रसिद्ध हिवाळी चित्र येते. नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन नवा धर्म स्वीकारावा की नाही याचा सल्ला घेत असताना त्याचा एक सरदार मनुष्याच्या आयुष्याला चिमणीची उपमा देतो. राजा आपल्या लोकांसह जेवायला बसला आहे, दालनाच्या मध्यभागी विस्तव पेटला आहे, बाहेर हिमवादळ चालू आहे, आणि एक चिमणी एका दाराने आत येऊन क्षणभराची ऊब घेते व दुसऱ्या दाराने पुन्हा अंधारात जाते. या उपमेतील तत्त्वज्ञानावर बरेच लिहिले गेले आहे, पण तिच्यातील वास्तुरचनाही तितकीच बोलकी आहे. सरदाराचे घर म्हणजे एक लांबलचक लाकडी दालन असे, विस्तव जमिनीवर मधोमध असे, धूर छपरातून वाट काढी, आणि मालक, शिपाई व चाकर यांना ऊब मिळे ती त्या एकाच ठिकाणाहून. विस्तव एक असल्यामुळे त्याच्याजवळ बसण्याचा हक्क हीच समाजातील माणसाची ओळख होती.

हे लक्षात घेतले म्हणजे ‘एक्सेटर ग्रंथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितातील शोककवितांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १०७२ मध्ये मरण पावलेल्या बिशप लिओफ्रिकने एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलेल्या या संग्रहातील ‘भटका’ आणि ‘दर्यावर्दी’ या दोन कवितांमध्ये हिवाळा ही शिक्षा आहे. पहिल्या कवितेतील माणसाचा धनी मेला आहे. गारठलेल्या समुद्रावर तो एकटा वल्ही मारतो, स्वप्नात धन्याच्या पायाशी बसतो आणि जागा होतो तेव्हा त्याच्यासमोर समुद्रपक्षी, बर्फ आणि गारा असतात. दुसऱ्या कवितेत पाय थंडीने जखडलेले आहेत आणि मेजवानीतील हास्याच्या जागी पक्ष्यांचे ओरडणे आहे. दोन्ही ठिकाणी थंडी अंगाला बोचते त्याहून अधिक बोचते ते दालनातील स्थान गेल्याचे दुःख, आणि कवीने ही दोन दुःखे एकमेकांपासून वेगळी काढण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडच्या वायव्य-मध्य भागातील बोलीत, एका अज्ञात कवीने ‘सर गवेन आणि हिरवा सरदार’ हे काव्य रचले. मध्ययुगीन इंग्रजीतील हिवाळ्याचे इतके डोळस वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण आहे. गवेन नाताळच्या सुमारास विरलच्या ओसाड मुलखातून एकटा जातो, चिलखतासकट उघड्या खडकांत झोपतो, आणि त्याच्या डोक्यावर बर्फाच्या कडक सळया लोंबत असतात. साप, लांडगे आणि राक्षस यांच्याशी झालेल्या लढाया कवी भराभर उरकतो आणि सांगतो की हिवाळा या सर्वांहून वाईट होता. पुढे त्याला जो किल्ला दिसतो त्याच्यावर चुन्यासारखी पांढरी धुराडी आहेत, आणि आत त्याच्यासाठी खुर्ची मांडली जाते ती भिंतीतल्या शेकोटीसमोर, जिच्यात लाकडे धुमसत नाहीत, तर लोणारी कोळसा फुललेला आहे. धूर न करणारा हा कोळसा आणि ते धुराडे ही त्या काळात श्रीमंतीची खूण होती, आणि थंडीने काकडलेल्या पाहुण्याच्या नजरेला त्याच वस्तू आधी पडाव्यात यात कवीचे निरीक्षण दिसते.

सामान्य घरांत धुराडे यायला आणखी दोन शतके लागली. एसेक्समधील रॅडविंटर गावाचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात लिहिले आहे की, गावातील वृद्धांच्या मते त्यांच्या हयातीत तीन गोष्टी आश्चर्यकारक रीतीने बदलल्या, आणि त्यांतील पहिली म्हणजे धुराड्यांची वाढलेली संख्या. त्यांच्या लहानपणी, मठ आणि जमीनदारांचे वाडे सोडले तर, आडगावांत दोन-तीन धुराडी असली तरी पुष्कळ होती आणि बाकीचे लोक दालनातच विस्तव करून त्यावर स्वयंपाक करीत. हॅरिसनला हा बदल पूर्णपणे पसंत नव्हता, कारण जुना धूर घराचे लाकूड टणक करी आणि माणसांनाही आजारांपासून राखी, अशी त्याची समजूत होती. त्याची वैद्यकीय कल्पना चुकीची असली तरी बदलाचे मोठेपण त्याने बरोबर ओळखले होते. धुराड्यामुळे विस्तव भिंतीत गेला, घराचे खोल्यांत विभाजन करणे शक्य झाले, आणि सर्वांचा एक विस्तव जाऊन धन्याचा वेगळा व चाकरांचा वेगळा विस्तव आला.

शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकाच्या अखेरीस येणारे हिवाळ्याचे गीत याच नव्या घरातले आहे. त्यात मेंढपाळ हातांवर फुंकर घालतो, गडी दालनात ओंडके वाहून आणतो, बादलीतले दूध गोठते, प्रवचन खोकल्यात बुडून जाते आणि स्वयंपाकघरातली मोलकरीण भांड्यातले कालवण ढवळते. नाटकात तोवर चाललेल्या राजा व सरदारांच्या शब्दक्रीडेनंतर शेवटचा शब्द जवळजवळ कामकऱ्यांना मिळतो, आणि हिवाळा हा ज्यांना त्यात काम करावे लागते त्यांचा ऋतू आहे, ही जाणीव इंग्रजी साहित्यात तेथून पुढे कधीच पूर्णपणे पुसली गेलेली नाही.

हवामानाचे अभ्यासक ज्याला ‘लघु हिमयुग’ म्हणतात, म्हणजे स्थूलमानाने चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकादरम्यान युरोपात तापमान बरेच उतरलेले असण्याचा काळ, त्याचा कडाका सतराव्या शतकात विशेष जाणवला. लंडनच्या जुन्या पुलाला सुमारे वीस अरुंद कमानी होत्या. त्यांच्या रुंद पायांमुळे थेम्सचे पाणी धरणासारखे तुंबे, प्रवाह मंद होई आणि कडक थंडीत नदी पुलाच्या वरच्या अंगाला गोठून जाई. १६०८ मध्ये ती अशी गोठली तेव्हा बर्फावर दुकाने थाटली गेली, आणि तेव्हापासून ‘हिमजत्रा’ हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षी ‘महाहिम’ या अर्थाच्या शीर्षकाची, नाटककार टॉमस डेकर याची मानली जाणारी एक पुस्तिका निघाली, जिच्यात एक शहरवासी आणि एक खेडूत यांच्यातील संवादातून नदीवरची गंमत आणि जळणाची महागाई या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

सर्वांत प्रसिद्ध हिमजत्रा १६८३-८४ च्या हिवाळ्यातील होय, आणि तिचा उत्तम साक्षीदार म्हणजे रोजनिशीकार जॉन एव्हलिन. २४ जानेवारी १६८४ च्या नोंदीत तो बर्फावरील दुकानांच्या रांगा, भाड्याच्या घोडागाड्या, घसरगाड्या, बैलांच्या झुंजी आणि कठपुतळ्यांचे खेळ यांचे वर्णन करतो. तेथे एक छापखानाही मांडलेला होता, आणि आपले नाव थेम्सवर छापून घेण्याची लोकांना इतकी हौस वाटली की, एका नावाला सहा पेन्स या दराने छापणाऱ्याला दिवसाला पाच पौंड, म्हणजे दोनशे नावांचे पैसे, मिळत असल्याचे एव्हलिन सांगतो. जानेवारीच्या अखेरीस राजा दुसरा चार्ल्स आणि त्याच्या कुटुंबीयांनीही असा कागद छापून घेतला. नदी गोठल्याने ज्यांची रोजी बुडाली होती त्या नावाड्यांनी शिडे आणि वल्ही वापरून तंबू उभारले आणि बर्फावर उतरणाऱ्यांकडून पैसे घेऊन दिवस काढले.

एव्हलिनची नोंद मात्र जत्रेपाशी थांबत नाही, आणि तिचे खरे मोल त्या पुढच्या भागात आहे. पाण्यावर उत्सव चालू असताना जमिनीवर झाडे वीज पडल्यासारखी फुटत होती, गुरे मरत होती, आणि जळण इतके महाग झाले होते की गरिबांना जगवण्यासाठी मोठ्या वर्गण्या गोळा कराव्या लागल्या. थंड हवेमुळे धूर वर जाऊ शकत नव्हता, आणि तो धूर होता समुद्री कोळशाचा, म्हणजे न्यूकॅसलच्या खाणींतून जहाजांनी लंडनला येणाऱ्या दगडी कोळशाचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड महागल्यापासून लंडन याच कोळशावर तापत होते. एव्हलिनने १६६१ मध्येच या धुराविरुद्ध एक पुस्तिका लिहून राजाला अर्पण केली होती, त्यामुळे गोठलेल्या शहरावर साचलेला तो काळा थर त्याच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. शेवटची हिमजत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत भरली. १८३१ मध्ये पाच रुंद कमानींचा नवा पूल खुला झाला, पुढे काठांवर बांध घातले गेल्याने प्रवाहाचा वेग वाढला आणि मध्य लंडनमधील थेम्स पुन्हा तशी गोठली नाही. १९२८ मध्ये व्हर्जिनिया वुल्फने ‘ऑर्लँडो’ या कादंबरीत १६०८ ची गोठलेली नदी पुन्हा उभी केली ती या लुप्त झालेल्या दृश्याच्या ओढीने.

अठराव्या शतकात हिवाळा प्रथमच एका दीर्घ काव्याचा स्वतंत्र विषय झाला. स्कॉटलंडच्या सीमाभागात वाढलेला आणि नुकताच लंडनला आलेला जेम्स टॉमसन याने १७२६ मध्ये ‘विंटर’ ही कविता प्रसिद्ध केली, आणि ती यशस्वी झाल्यामुळेच उरलेले तीन ऋतू लिहिले गेले. तिच्यातील गाजलेला प्रसंग बर्फात वाट चुकून मरणाऱ्या शेतकऱ्याचा आहे: घरी बायकोने विस्तव पेटवून कोरडे कपडे तयार ठेवले आहेत, मुले बाहेर डोकावून वडिलांची वाट पाहत आहेत, आणि तो येत नाही. टॉमसन तेथून सुखवस्तू लोकांच्या बेफिकिरीकडे वळतो आणि नंतरच्या आवृत्त्यांत त्याने तुरुंगांची चौकशी करणाऱ्या १७२९ च्या संसदीय समितीचा गौरवही घातला. याच काव्यावर आधारलेल्या, १८०१ मध्ये व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या हायडनच्या संगीतकृतीत तो वाटसरू दूरचा दिवा पाहून वाचतो. श्रोत्यांना हा शेवट सुखाचा वाटला असेल, पण त्यामुळे मूळ कवितेचा आरोपच नाहीसा होतो.

विल्यम कूपरने ‘द टास्क’ या १७८५ च्या काव्यात जी हिवाळी संध्याकाळ रंगवली ती याच्या उलट बाजूची आहे. ओल्नी या लहान गावात पुराच्या पाण्यावरील लांब पुलावरून टपालवाला शिंग वाजवीत येतो, खिडक्या बंद होतात, पडदे ओढले जातात, चहाचे पाणी उकळू लागते आणि वर्तमानपत्र उघडले जाते. बाहेर थंडी आहे म्हणूनच आतले सुख गोड लागते, ही कल्पना इंग्रजी मध्यमवर्गाला इतकी मानवली की पुढील शंभर वर्षे ती साहित्यात घरोघर पोचली. कूपरचे वैशिष्ट्य असे की त्या उबेत बसूनही त्याला भारताची आठवण होते: टपालातून कोणकोणत्या बातम्या आल्या असतील याचा विचार करताना, भारत मोकळा आणि सुखी आहे की इंग्रज त्याला अजून भरडतच आहेत, असा प्रश्न तो विचारतो. ईस्ट इंडिया कंपनीने मराठ्यांशी केलेल्या पहिल्या युद्धाचा शेवट सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये झाला होता आणि कंपनीच्या कारभारावर संसदेत वाद पेटला होता. त्या पार्श्वभूमीवर चहा पिता पिता विचारलेला हा प्रश्न मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

वर्ड्सवर्थच्या बर्फावरील घसरखेळांचे आणि कोलरिजच्या मध्यरात्रीच्या हिमशांततेचे कौतुक सर्वत्र झालेले आहे, पण १७९८ च्या ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहातील ‘गुडी ब्लेक अँड हॅरी गिल’ ही कविता मात्र वेडगळ म्हणून बाजूला टाकली जाते, आणि हा अन्याय आहे. गुडी ब्लेक ही डॉर्सेटमधली म्हातारी सूत कातून पोट भरते; तिच्या भागात कोळसा महाग आहे, कारण तो समुद्रमार्गाने लांबून येतो. थंडीत ती शेजारच्या सधन हॅरी गिलच्या कुंपणाच्या काटक्या काढते, तो दबा धरून तिला पकडतो, ती चंद्राखाली गुडघे टेकून त्याला कधीही ऊब न मिळो असा शाप देते, आणि पुढे कितीही कोट घातले तरी त्याचे दात वाजायचे थांबत नाहीत. या कथेमागे खेड्यांतील एक मोठे स्थित्यंतर आहे. गावच्या सामाईक माळांवर आणि रानांत गुरे चारण्याचा व पडलेले सरपण गोळा करण्याचा जो परंपरागत हक्क होता, तो संसदेच्या कायद्यांनी जमिनींना कुंपणे पडत गेली तसा नाहीसा झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या केलेली गोष्ट चोरी ठरू लागली. सरपणाचा कायदा आणि थंडी यांची गाठ इतक्या नेमकेपणाने घालणारी कविता त्या काळात दुसरी क्वचितच आढळते.

एकोणिसाव्या शतकातील कादंबरीने हीच गाठ घराच्या आणि कचेरीच्या आत आणली. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन आयर’मध्ये (१८४७) लोवुडच्या धर्मादाय शाळेत मुलींच्या तांब्यांतले पाणी गोठते, आणि शेकोटीभोवती मोठ्या मुलींची दुहेरी रांग लागल्यामुळे लहान मुली मागे कुडकुडत बसतात. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये कोळशाची पेटी मालक स्क्रूज आपल्या खोलीत ठेवतो, आणि कारकून बॉब क्रॅचिटचा विस्तव इतका लहान असतो की तो जणू एकाच कोळशाचा वाटतो. १९ डिसेंबर १८४३ रोजी निघालेल्या या पुस्तकाच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या, आणि शुभ्र नाताळाची कल्पना जगभर पसरवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. परंतु त्याच्या जन्मामागे खाणी व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरील सरकारी अहवाल होते. १८४२ च्या अहवालाने अंधाऱ्या खाणींत कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलांची हकिगत देशासमोर आणली, त्याच वर्षीच्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना खाणीत उतरवण्यास बंदी झाली, आणि ऑगस्ट १८४३ मध्ये एलिझाबेथ बॅरेटने, म्हणजे नंतरच्या श्रीमती ब्राउनिंगने, त्यावर ‘द क्राय ऑफ द चिल्ड्रन’ ही कविता प्रसिद्ध केली. कूपरच्या पडद्याआडची ऊब कोठून येत होती याचे उत्तर अशा रीतीने साठ वर्षांनी साहित्यात उमटले.

टॉमस हार्डीने ‘टेस’मध्ये (१८९१) वाचकाला पुन्हा उघड्या शेतात नेऊन उभे केले. फ्लिंटकोंब-ॲश येथील खडकाळ माळावर टेस आणि तिची मैत्रीण जनावरांनी वरचा भाग खाल्लेल्या कंदांचे जमिनीतले बुंधे उकरतात, उत्तर ध्रुवाकडचे अनोळखी पक्षी त्यांच्याजवळ येऊन बसतात, आणि बर्फामुळे शेत बंद पडले की दोघी कोठारात शाकारणीसाठी पेंढा निवडतात. काम थांबले तर मजुरी बुडते म्हणून पाऊस आणि हिम अंगावर घेत उभ्या राहणाऱ्या या दोन बायकांचे चित्र हिवाळ्याविषयीच्या इंग्रजी गद्यातील सर्वांत प्रामाणिक पृष्ठांपैकी आहे.

कोळशाचे राज्य विसाव्या शतकात ढासळले आणि त्याची खूणही साहित्यात सापडते. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या बर्फवृष्टीने कोळशाची वाहतूक अडवली; फेब्रुवारीत कारखाने बंद पडले आणि घरांतली वीज ठरावीक तास तोडावी लागली. सी. एस. लुइसचे, जेथे हिवाळा संपत नाही आणि नाताळ येतच नाही अशा देशाची गोष्ट सांगणारे बालपुस्तक १९५० मध्ये आले तेव्हा ती थंडी वाचकांच्या ताज्या आठवणीत होती आणि मिठाईवर अजून शिधावाटप होते, त्यामुळे गुहेतला विस्तव, चहा आणि मिठाईचा मोह यांना त्या पुस्तकात जे वजन आहे ते आजच्या मुलांना पूर्णपणे जाणवणार नाही. डिसेंबर १९५२ च्या विषारी धुरक्यात लंडनमध्ये हजारो माणसे दगावली, १९५६ मध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला, आणि घरातील कोळशाच्या उघड्या शेकोट्या हळूहळू विझत गेल्या. १९६२-६३ च्या भीषण हिवाळ्यात लंडनमधील एका सदनिकेत दोन लहान मुलांसह राहणाऱ्या सिल्व्हिया प्लाथने ‘स्नो ब्लिट्झ’ हा लेख लिहिला. त्यात गोठलेले नळ आहेत, वारंवार जाणारी वीज आहे आणि थंडीची तयारी न ठेवणारे शहर आहे. विस्तवाजवळची जागा आता प्रत्येकाच्या घरात होती, पण तिची कळ एका दूरच्या वीजकेंद्रात होती.